हिरड्यांतून रक्त अनेकांच्या येतं, मग दात कुणाचे हलतात?

ब्रश करताना बेसिनमध्ये लाल रेघ दिसली की बहुतेक जण पेस्ट बदलतात. आठवडाभराने ती रेघ विसरलीही जाते. हिरड्यांचा आजार भारतात इतका सर्रास आहे की तो आजार वाटेनासा झाला आहे. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात ३५ ते ४४ वयाच्या ८९.६ टक्के लोकांमध्ये हिरड्यांचा कुठला ना कुठला त्रास आढळला होता. १२ वर्षांच्या मुलांमध्येही हे प्रमाण ५७ टक्के होतं.

पण या आकड्यात रक्त येणं, कीटण साचणं आणि दात हलणं असं सगळंच एकत्र मोजलेलं आहे. गंभीर आजार वेगळा.

गंभीर म्हणजे किती?

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी हिरडीत तिची खोली १ ते ३ मिलिमीटर असते. दंतवैद्य बोथट टोकाची सळई घालून ती मोजतात. खोली ६ मिलिमीटरच्या घरात गेली की आतलं हाड झिजलेलं असण्याची शक्यता मोठी असते, आणि झिजलेलं हाड सहसा परत येत नाही. हिरडीची नुसती सूज मात्र नीट साफसफाईने पूर्ण बरी होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार १५ वर्षांवरच्या सुमारे १९ टक्के लोकांना, म्हणजे शंभर कोटींहून अधिक जणांना, गंभीर आजार आहे. तिशी-चाळिशीत त्याचा आलेख झपाट्याने चढतो. भारतीय सर्वेक्षणात ६५ ते ७४ वयोगटात एकूण प्रमाण ७९.९ टक्क्यांवर उतरलेलं दिसतं. म्हातारपणी हिरड्या सुधारतात असा त्याचा अर्थ नाही. पडलेल्या दाताची हिरडी मोजता येत नाही, इतकंच.

मग तो कुणाला होतो?

याचं उत्तर श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर मिळालं. दात घासण्याची सवय नसलेल्या ४८० मजुरांना संशोधकांनी १९७० पासून १५ वर्षं तपासलं. सगळ्यांच्या दातांवर कीटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरीही ८ टक्क्यांचे दात वेगाने निखळत गेले, ८१ टक्क्यांचा आजार मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्के जणांमध्ये तो पुढे सरकलाच नाही. म्हणजे घाण ही सुरुवात. पुढचं शरीर आणि सवयी ठरवतात.

सवयींमध्ये पहिला नंबर तंबाखूचा. अमेरिकेत तिशीपुढच्या ४२ टक्के लोकांना हाडापर्यंत पोहोचलेला आजार आहे, त्यातला गंभीर ७.८ टक्के. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये मात्र एकूण प्रमाण ६२ टक्के. शिवाय निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येतं. ज्याला सर्वात जास्त धोका, त्यालाच लाल रेघ दिसत नाही!

महाराष्ट्रात मात्र विडी-सिगारेटपेक्षा बिनधुराचा तंबाखू मोठा आहे. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ तो वापरत होते, धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. मुंबईत नव्वदच्या दशकात ३५ वर्षांवरच्या ९९,५९८ लोकांची पाहणी झाली, तेव्हा ५७.५ टक्के महिला तंबाखू वापरताना आढळल्या. त्यात मोठा वाटा मिश्रीचा. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ही तंबाखूची पूड दात ‘स्वच्छ’ करायला म्हणून बोटाने हिरडीवर घासली जाते आणि मग दिवसातून चार वेळा लागते. तंबाखू असलेल्या दंतमंजनांवर १९९२ मध्ये देशात बंदी आली, पण घरच्या तव्याला कायदा कसा लागणार? तंबाखू जिथे टेकतो तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं.

दुसरा गट मधुमेहींचा. त्यांना हा आजार होण्याचा धोका सुमारे तिप्पट, विशेषतः साखर ताब्यात नसेल तर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत.

गरोदरपणात अनेकींच्या हिरड्या सुजतात, त्याची धास्ती घेऊ नये. ती सूज बहुधा बाळंतपणानंतर ओसरते.

देवनारचा पेशंट कुठे जाणार?

गरिबी हाही धोकाच आहे. अमेरिकेत दारिद्र्यरेषेखालच्या प्रौढांमध्ये हे प्रमाण ६० टक्के, म्हणजे धूम्रपान करणाऱ्यांच्या जवळपास. देवनार, गोवंडी, बैंगनवाडी ज्यात येतात तो एम-पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात सर्वात तळाला होता. अशा वस्तीत दात हलू लागला की तो काढून टाकणं हाच स्वस्त उपाय वाटतो. पण हिरडीखालची खोल सफाई वेळेत झाली तर तोच दात अनेकदा वाचतो. त्यासाठी मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. गोवंडीहून हार्बर लोकल थेट सीएसएमटीला जाते. रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस मात्र बुडतो, आणि ही सफाई सहसा एका फेरीत संपत नाही.

मधुमेहींसाठी त्या फेऱ्यांचा आणखी एक हिशेब आहे. २०२२ मध्ये ३० अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत ‘एचबीए१सी’ सरासरी ०.४३ टक्के बिंदूंनी उतरल्याचं दिसलं.