गोधडीच्या मागची चिठ्ठी

स्मरणिकेसाठी लेख मागताना आपल्या संपादक मंडळाने दोन पर्याय दिले होते: शाळेची आठवण, नाहीतर आपापल्या आवडीच्या विषयावर अभ्यासपूर्ण काहीतरी. मला दोन्ही एकाच लेखात लिहायचं आहे, कारण माझ्यासाठी ते एकमेकांना शिवलेलं आहे.

नववीची रायगडची सहल आपल्या 1995 च्या बॅचला आठवत असेल. पाचाडला मुक्काम होता. रात्री सगळ्यांनी आपापल्या वळकट्या सोडल्या. कुणाची सोलापुरी चादर, कुणाचं नवंकोरं ब्लँकेट. माझ्या पिशवीतून आजीने शिवलेली वाकळ निघाली. लुगड्यांचे, शर्टांचे, परकरांचे तुकडे, आणि एका कोपऱ्यात आपल्याच गणवेशाचा निळा. तो निळा तुकडा ओळखून सगळ्या खोखो हसल्या. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण मी घरी येऊन आजीला म्हटलं, "मला परत ही देऊ नकोस." तिने घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली. पुढे मी इंजिनीअरिंगला गेले, आजी गेली, आणि घर रंगवायला काढलं तेव्हा ती वाकळ जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीकडे गेली. बदल्यात एक स्टीलचा डबा आला. तो डबा अजून आहे.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाल्यावर कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं अमेरिकेत होते. ऑफिसमधल्या एका वयस्कर सहकारी बाईंनी विचारलं, "आमच्या क्विल्ट गिल्डमध्ये येतेस का? आज व्याख्यान आहे." क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच: वरचा थर, मधे कापूस, खाली अस्तर, आणि तिन्ही धरून ठेवणारे टाके. गिल्ड हा युरोपातल्या मध्ययुगीन कारागीर संघांचा शब्द. आता तो हौशी मंडळांनाही लावतात. महिन्यातून एकदा जमायचं, आधी वर्गणी आणि हिशेब, मग बाहेरून बोलावलेल्या शिक्षिकेचं व्याख्यान, आणि दुसऱ्या दिवशी तिचाच दिवसभराचा वर्ग. वर्गाला येताना काय आणायचं याची यादी आधी हातात मिळते. शेवटी प्रत्येकजण आपलं काम उभं धरून दाखवते आणि बाकीच्या टाळ्या वाजवतात. अर्धवट राहिलेल्या कामांनाही तिथे एक लाडकं नाव आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना अशा नावाची फार गरज आहे, असं मला तेव्हा वाटलं.

मला नवल वाटलं ते शिकवण्याच्या शिस्तीचं. दोन तुकडे जोडताना शिवण बरोबर पाव इंचाची. तेवढी चुकली की चाळीस तुकड्यांनंतर अख्खी ओळ वाकडी जाते. आपल्या शिवणाच्या बाई कार्यानुभवाच्या तासाला हेच सांगायच्या. शिवणवहीत धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काजं असे नमुने चिकटवायचे, आणि धावदोऱ्याचे टाके सारखे नसले की बाई सगळं उसवायला लावायच्या. पण त्या तासाला मुलगे लाकूडकामाला आणि आम्ही शिवणाला, आणि निकालपत्रात दोन्हींना श्रेणी. त्यामुळे हे शिकण्यासारखं काही आहे असं कुणी मनावर घेतलं नाही. मी तर नाहीच.

ही शिस्त आली कुठून, हे शोधायला मी लागले. अमेरिकेत क्विल्ट करणं पूर्वी घरातच शिकलं जायचं, आईकडून लेकीने, शेजारणीकडून शेजारणीने. त्याचा छापील धडा व्हायला विसावं शतक उजाडलं. इंडियाना राज्यातल्या मेरी वेबस्टर यांचे नमुने 1911 मध्ये 'लेडीज होम जर्नल' या मासिकात आले आणि 1915 मध्ये त्यांनी अमेरिकन क्विल्टच्या इतिहासावरचं पहिलं पुस्तक लिहिलं. 1928 पासून 'कॅन्सस सिटी स्टार' हे वर्तमानपत्र नमुने छापू लागलं. शेतावरच्या बायका ते कापून ठेवायच्या. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले. 1976 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली आणि जुन्या घरगुती कलांचं प्रेम उफाळून आलं. 1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने पिझ्झा कापायच्या चाकासारखं गोल पात्याचं कटर काढलं. कात्रीने दिवसभर चालणारं काम तासाभरात होऊ लागलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये क्विल्टर्स गिल्डची स्थापना झाली. अशा मंडळांतून, वर्गांतून आणि फिरत्या शिक्षिकांतून एक विद्याच उभी राहिली.

त्या पहिल्या व्याख्यानात एक सूचना मात्र कापण्या-शिवण्याविषयी नव्हती. शिक्षिका म्हणाल्या, "काम पुरं झालं की मागच्या बाजूला एक कापडी चिठ्ठी शिवा. नाव, गाव, साल, आणि कुणासाठी केलं ते." मला ते जरा हौशीपणाचं वाटलं. चिठ्ठी का लागते, ते पुढे वाचताना कळलं.

जॉर्जिया राज्यातल्या हॅरिएट पॉवर्स यांचं उदाहरण घ्या. जन्म 1837 चा, गुलामीतला. 1886 मध्ये अथेन्स या गावच्या प्रदर्शनात त्यांनी बायबलमधल्या प्रसंगांची गोधडी मांडली. कापडातून कापलेली माणसं, प्राणी, तारे. गावातल्या कलाशिक्षिका जेनी स्मिथ यांना ती विकत हवी होती, पण पॉवर्स विकायला तयार नव्हत्या. काही वर्षांनी हलाखीचे दिवस आले तेव्हा त्या स्वतः ती घेऊन आल्या. 10 डॉलर मागितले, 5 मिळाले. गोधडी सोडवेना म्हणून नंतरही त्या तिला बघायला येत राहिल्या. जेनी स्मिथ यांनी एक मोठं काम केलं: अकराही चौकटींत काय आहे, ते पॉवर्स यांच्याकडून समजून घेऊन लिहून ठेवलं. आज ती गोधडी स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे आणि तिचा अर्थ आपल्याला कळतो, तो एका बाईंनी विचारलं आणि टिपून ठेवलं म्हणून.

आता उलट उदाहरण. 1933 मध्ये शिकागोच्या जागतिक मेळ्यानिमित्त सिअर्स कंपनीने क्विल्टची स्पर्धा ठेवली. मंदीचा कहर होता. पहिलं बक्षीस 1 हजार डॉलर. सुमारे 24 हजार क्विल्ट आले. पहिला नंबर केंटकीच्या मार्गारेट केडन यांचा. पुढे बऱ्याच वर्षांनी उघड झालं की त्यांनी त्यात स्वतः एक टाकाही घातला नव्हता. ते काम मजुरीवर दुसऱ्या बायकांनी केलं होतं, आणि बक्षिसातला एक पैसाही त्यांच्यापर्यंत गेला नाही. तो क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट दिला गेला आणि पुढे तो कुठे गेला याचा पत्ता नाही.

तिसरी गोष्ट अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीची. अलाबामा नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली. इथल्या बहुतेकांचं आडनाव पेटवे, कारण त्यांचे पूर्वज पेटवे नावाच्या मळेवाल्याचे गुलाम होते. 1965 मध्ये मार्टिन ल्युथर किंग इथे येऊन गेले. मतदार यादीत नाव घालायला पलीकडच्या कॅम्डेनला जावं लागे. पण नदीवरची तर 1962 मध्येच बंद करण्यात आली होती. ती परत सुरू झाली 2006 मध्ये. मताचा हक्क मागणाऱ्या अनेकांचं काम गेलं, काहींचं घर गेलं. अशा वेळी 1966 मध्ये फादर फ्रान्सिस वॉल्टर यांच्या मदतीने या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. पुढे तिला सिअर्सकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या घरी गेल्या आणि गोधड्यांत बसल्या.

2002 मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग व्हिटनीत जीज बेंडच्या गोधड्या लागल्या. 1971 च्या त्या प्रदर्शनातल्या बहुतेक क्विल्टवर करणारीचं नाव नव्हतं. या वेळी प्रत्येकीचं नाव होतं. 2006 मध्ये टपाल खात्याने दहा तिकिटं काढली. सगळं गोड झालं असं मात्र नाही. पैसे आणि हक्क यांवरून 2007 मध्ये काही बायकांना कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि पुढच्या वर्षी ती प्रकरणं मिटली. आज मेरी ॲन पेटवे, चायना पेटवे अशा तिथल्या बायका स्वतः वर्ग घेतात. त्यांच्या वर्गात पट्टी नाही, पाव इंचाचा धाक नाही. मधे एक तुकडा ठेवायचा, त्याच्या चारी बाजूंनी पट्ट्या लावत जायचं, आणि पुढचं आपल्या मनाने.

हे सगळं मी दुरून वाचत होते. एका महिन्यात गिल्डचा विषय जाहीर झाला: 'कवंदी'. भारतातलं तंत्र, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीही माहीत नव्हतं.

पडद्यावर उत्तर कन्नड जिल्हा आला. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड. म्हणजे आपल्या बेळगावपासून काही तासांवर. तिथल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. यातल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं, आणि तिथून निसटून ते घाटावरच्या जंगलात येऊन राहिले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि बोलणं बरंचसं कोकणीत. 2003 मध्ये त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री ड्रेवाल यांनी या बायकांबरोबर काम केलं, त्यांची सहकारी संस्था उभी राहायला मदत केली. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शॉमबर्ग केंद्रात कवंद्यांचं प्रदर्शन झालं, आणि हळूहळू अमेरिकन गिल्डांतून कवंदीचे वर्ग सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने रीत दाखवली. अस्तर पसरायचं, जुनी साडी उत्तम. एका कोपऱ्यापासून सुरुवात. कडा आत दुमडायची, तुकडा ठेवायचा, त्याचीही कड दुमडायची, आणि धावदोरा घालत पुढे सरकायचं. तुकडे आधी जोडून घ्यायचे नाहीत. जोडणं आणि शिवणं एकाच वेळी. चारी कडांनी फिरत फिरत आत यायचं आणि मध्यावर संपवायचं. शेवटी चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांचा एकेक झुबका. त्याला म्हणतात 'फुला'. तेवढा एक शब्द त्या खोलीत मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. फुलांशिवाय कवंदी उघडीनागडी दिसते, असं सिद्दी बायका सांगतात म्हणे.

सगळ्या वर्गाला ते अवघड जात होतं, कारण मोजमाप नाही. माझा हात मात्र चालू लागला. कडेकडेने फिरत आत येणारे टाके मी पाहिले होते. दुपारी जेवणं झाली की आजी ओसरीवर वाकळ अंथरायची, स्वतः तिच्यावर बसायची आणि टाके घालत घालत सरकायची. मी समोर गणितं सोडवत असायचे. मला वाटायचं, आजी वेळ घालवते आहे. कोणता तुकडा कशाशेजारी घ्यायचा हे ती कसं ठरवायची, दोरा दुहेरी का घ्यायची, मध्याला पोचल्यावर शेवटची गाठ कुठे दडवायची, यातलं एकही मी तिला विचारलं नाही. त्या वर्गाची फी भरून मी जे शिकले, ते माझ्या घरात फुकट चाललं होतं.

गोधडीची गोष्ट आपल्याकडे घरोघरची आहे. नगरकडे गोधडी, कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ, कुठे लेपटं, बाळासाठी दुपटं. इतकी घरोघरची की तिचं काही लिहून ठेवावं असं वाटलंच नाही. आता शहरांत गोधडीचे वर्ग निघतात, दुकानात ती चांगल्या किमतीला विकली जाते, याचा मला आनंदच आहे. पण तिथेही तिच्या मागे बहुधा दुकानाचं नाव असतं, शिवणारीचं नसतं.

परत आल्यावर मी आईच्या कपाटात शोधलं. वाकळ गेलेलीच होती. हाती लागलं एक दुपटं, माझ्या बारशाच्या वेळचं, पातळ झालेलं, कडा उसवलेल्या. आईला विचारून विचारून काही गोष्टी कळल्या: पिवळा तुकडा आत्याच्या परकराचा, पांढरा आजोबांच्या धोतराचा, आणि लाल कुणाचा ते तिलाही आठवेना. मी कडा दुरुस्त केल्या नाहीत. मागे एक चौकोनी कापड शिवलं आणि त्यावर दोऱ्याने आजीचं पूर्ण नाव, गाव आणि साल घातलं. खाली 'नातीसाठी' असं लिहिलं. टाके वाकडे आले आहेत. शिवणाच्या बाईंनी नक्की उसवायला लावले असते. बाई, मेळाव्याला आणते आहे, बघा.

आणि मैत्रिणींनो, मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर किंवा दिवाणात एखादी असेल. ती कुणी शिवली हे सांगणारं माणूस घरात अजून असेल, तर या दिवाळीला जाल तेव्हा जवळ बसा, तुकड्यांवर बोट ठेवून एकेक विचारा आणि लिहून घ्या. पाचाडला जी वाकळ बघून आपण हसलो, तिच्यातल्या निळ्या तुकड्याशेजारचा तुकडा कोणता होता, हे सांगणारं आता कुणी नाही.