रविवारची सुट्टी आणि घरातले धुणे



धुण्यासारखा विषय घेऊन मी इतिहासाच्या व्यासपीठावर उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण राजवाड्याला इतिहास असतो तसा मोरीलाही असतो, आणि तो सांगण्यास आपल्या ठाण्यापासूनच आरंभ करता येतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. पुढे ते मुंबईत एका कापड गिरणीत नोकरीस लागले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या काळी गिरणी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चाले. आठवड्यातून एक दिवस तरी माणसाला माणूस म्हणून जगू द्या, ही तिची मोठी मागणी होती. १८९० च्या एप्रिलात मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली; तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी निवांतपणे चहा घेतो, तो त्या पिढीच्या पुण्याईवर.

पण हा रविवार घरातल्या बाईच्या वाट्याला आला काय? माझे वडील कल्याणजवळच्या एका कारखान्यात होते. रविवारी ते घरी असत, आणि नेमके त्याच दिवशी आईचे काम दुप्पट होई. आठवड्याचे तेलकट कपडे सोड्यात भिजवायचे, दगडावर आपटायचे, पिळायचे, काठीने दांडीवर टाकायचे. पावसाळ्यात तर सारी खोली दांड्यांनी भरून जाई. चार दिवस झाले तरी कपडे दमट ते दमटच, आणि त्यांना कुबट वास येई. त्या वासातच आम्ही अभ्यास केला.

आता यंत्राकडे वळू. कपडे आपोआप धुणारे घरगुती यंत्र अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९३७ साली आणले. १९५० च्या दशकात धुणे आणि वाळवणे एकाच पिपात करणारी यंत्रेही तेथे निघाली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मुलाने तसलेच एक यंत्र आणले. त्याची दमट हवा बाहेर सोडण्यासाठी भिंतीला भोक पाडावे लागत नाही. गरम हवा कपड्यांतील ओल घेते, थंडाव्याने तिचे पुन्हा पाणी होते व ते मोरीत जाते. पुष्कळ यंत्रांत हा थंडावा नळाच्या पाण्यानेच दिला जातो, म्हणजे वाळवण्यालाही पाणी लागते. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.६३ युनिट वीज लागते. यंत्राने पिळलेल्या चार किलो सुती कपड्यांत दोनेक लिटर पाणी उरते, असे धरले तरी सव्वा युनिट झाली. प्रत्यक्षात त्याहून अधिकच. ऊन हेच काम फुकट करते. पण आषाढात ऊन आणावे कोठून?

पहिला महिना आम्ही पिंप ठासून भरले, आणि कपडे ओले व चुरगळलेले बाहेर आले. यंत्र जेवढे धुते तेवढे सगळे एका वेळी वाळवीत नाही, हे मग उमगले. पिंप अर्धेच भरले तर काम नीट होते, पण चार-पाच तास लागतात. रात्री अकराला शिट्टी वाजे. उठे कोण? सूनबाई! सकाळी लोकल गाठायची ती तिनेही आणि मुलानेही. उठायचे मात्र तिनेच.

सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार, घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालविते, आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. आकडा वाचून मी ओशाळलो. कामाच्या तासांवर मी कारखान्यांच्या दारांत आयुष्यभर भाषणे केली. घरातले तास कधी मोजले नाहीत. यंत्राने आपटणे-पिळणे वाचविले, हे खरे, आणि आईच्या वेळी ते असते तर तिचे खांदे वाचले असते. परंतु उरलेले काम कोणी करावे, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणसांनाच ठरवावे लागते, जसे १८९० साली ठरवावे लागले.

आमच्या घरी ते आता ठरले आहे. रविवारचे पिंप मी भरतो, शिट्टी वाजली की मुलगा उठतो, घड्या दोघे मिळून घालतो. माझ्या घड्या अजून वाकड्या येतात. तरी आपणही घरी गेल्यावर एवढी चौकशी अवश्य करावी, की रविवार आपल्या घरी नेमका कोणाचा आहे. इतके सांगून मी आपली रजा घेतो.