बराबर लेण्यांची झिलई : लेप कीं घर्षण ?

गयेच्या उत्तरेस बराबर डोंगरांत मौर्यकालीन लेणीं आहेत. त्यांच्या ग्रॅनाइटच्या भिंती आरशासारख्या चकाकतात. ही चकाकी वज्रलेपाची, असें पुष्कळ लोक सांगतात व बृहत्संहितेकडे बोट दाखवितात. आम्हांस हा आधार टिकाऊ वाटत नाहीं.

वराहमिहिरानें वज्रलेपाची कृति दिली आहे खरी. टेंभुर्णीचीं व कवठाचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें, सालईचें बीं, वेखंड इत्यादि द्रोणभर पाण्यांत अष्टमांश उरेपर्यंत आटवावीं, त्यांत गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस मिसळावें आणि ऊन असतांनाच प्रासाद, मूर्ति, भिंती यांस लावावें. पण तेथें फल सांगितलें तें चिरस्थायित्वाचें. शिवाय ग्रंथ इ. स. ६ व्या शतकांतला. सुदामा लेणें तर अशोकानें राज्याभिषेकानंतर १२ व्या वर्षीं आजीविकांस दिलेलें. मधलीं आठ शतकें आमचे मित्र सहज ओलांडतात !

ग्रंथापेक्षां लोमश ऋषीचें लेणें अधिक बोलतें, कारण तें अपुरें राहिलें. कनिंगहॅम यांच्या वर्णनाप्रमाणें बाहेरील दालनाच्या सरळ भिंतींस झिलई आहे. आंतील गोल खोलीची बाहेरची बाजू नुसती गुळगुळीत केलेली. जमिनीवर छिन्नीच्या खुणा. आणि छताचें काम खडकांत खोल भेग लागल्यामुळें सोडलेलें दिसतें. छिन्नी, घांसणी व झिलई या तिन्ही अवस्था अशा एकाच ठिकाणीं सांपडतात. राळ-गुग्गुळाचा थर बावीस शतकें अशी चकाकी धरील, हें संभवनीय नाहीं.

घर्षणांत पाण्याचें काम मोठें. कोरडें घांसल्यास दगडाचें पीठ कणांमध्यें दाटतें व घांसणी निसटूं लागते. पाणी तें पीठ वाहून नेतें आणि दगड तापूं देत नाहीं. प्रथम जाड वाळू, मग बारीक, शेवटीं पिठासारखी. प्रत्येक वेळीं आधींची धुवून काढावयाची, कारण जाड असा एक कण राहिला तरी ओरखडा उठतो. त्यांतून ग्रॅनाइटमधील गार कठीण व अभ्रक मऊ, म्हणून घांसणीही ताठ व सपाट हवी. उभ्या भिंतीवर पाणी ठरत नाहीं. तें सारखें ओतीत राहिले असले पाहिजेत. विद्या मात्र नवी नव्हती. बल्लारीजवळ संगनकल्लू येथें नवाश्मयुगीन लोकांनीं दगडी कुऱ्हाडी घांसल्याच्या खांचा खडकांत आहेत, आणि त्या अशोकाहून कित्येक शतकें जुन्या.

‘शाण’ हा शब्द संस्कृतांत घांसण्याच्या दगडास आहे. आमच्या देवघरांतील सहाण त्याचीच लेक दिसते. ज्यांचे संग्रहीं शिल्पग्रंथांच्या पोथ्या असतील, त्यांनीं ‘शाण’, ‘घर्षण’ हे शब्द जेथें येतात त्या पत्रांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या. वज्रलेपाच्या नकला आमच्यापाशीं पुरेशा झाल्या आहेत.