मल्लविद्येतील ‘दम’ : साधना आणि बदलते नियम – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात कुस्तीला मानाचे स्थान आहे. कुस्तीच्या इतिहासाचे लेखन मात्र प्रामुख्याने नामवंत मल्ल, गाजलेल्या लढती, राजाश्रय व डावपेच यांभोवती फिरत राहिले. मल्लाच्या यशापयशात निर्णायक ठरणारा ‘दम’ हा घटक त्यात काहीसा उपेक्षित राहिला. ‘दमसास’, ‘दमाचा गडी’, ‘दम उखडणे’, ‘दम खाणे’, ‘ताज्या दमाचा’ असे अनेक शब्दप्रयोग मराठीत रूढ आहेत. तालमीच्या भाषेत दम म्हणजे केवळ श्वास नव्हे. श्वासावरील ताबा, दीर्घकाळ झुंजण्याची क्षमता आणि थकल्यानंतर लवकर सावरण्याची शक्ती या तिन्हींचा त्यात समावेश होतो.

मातीतील मल्ल मॅटवर लवकर दमतो, असे विधान वारंवार केले जाते आणि त्याचे खापर पारंपरिक मेहनतीवर फोडले जाते. हा आरोप कितपत योग्य आहे, हे ठरविण्यासाठी दमाच्या कल्पनेचा ऐतिहासिक विचार करणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. प्राचीन व मध्ययुगीन ग्रंथांतील व्यायाम आणि श्वसन यांच्या संबंधाचा आढावा घेणे.
२. तालमीतील दम वाढविण्याच्या पद्धतींचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. कुस्तीच्या वेळेविषयीचे बदलते नियम व दमाची साधना यांचा परस्परसंबंध तपासणे.

ग्रंथांतील विचार :

व्यायाम किती करावा, या प्रश्नाचे एक प्राचीन उत्तर सुश्रुतसंहितेत आढळते. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मनुष्याने आपल्या बळाच्या निम्म्यानेच व्यायाम करावा, असे सांगितले आहे. हे ‘अर्धे बळ’ ओळखण्याची जी खूण तेथे दिली आहे, ती विशेष महत्त्वाची आहे. हृदयस्थानी असलेला वायू मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजेच धाप लागून तोंडाने श्वास घ्यावा लागला, की ती मर्यादा आली असे समजावे. येथे व्यायामाचे माप संख्येत नाही, ते श्वासात आहे. मर्यादा ओलांडून केलेला व्यायाम अपायकारक ठरतो, असा इशाराही या ग्रंथात आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द इ.स. ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांची वर्गवारी, त्यांचा आहार आणि त्यांचे विविध ‘श्रम’ म्हणजे व्यायामप्रकार वर्णिले आहेत. भारश्रमात वजनाचा, भ्रमणश्रमात चालण्याचा, सलिलश्रमात पाण्यातील, तर स्तंभश्रमात खांबावरील व्यायाम अभिप्रेत आहे. यांपैकी स्तंभश्रमाचा संबंध अभ्यासक मल्लखांबाशी जोडतात. चालणे आणि पाण्यातील व्यायाम यांत प्रतिस्पर्ध्याशी प्रत्यक्ष झुंज नसते. त्यांचा उपयोग मुख्यतः सहनशक्ती वाढविण्यासाठी होतो. यावरून केवळ शक्ती व डाव यांनी मल्ल घडत नाही, ही जाणीव बाराव्या शतकातही होती, असे म्हणता येते.

तालमीतील मेहनत :

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनामुळे कुस्तीला विशेष बहर आला. १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान हे त्याचे ठळक उदाहरण होय. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींमधून अनेक पिढ्या घडल्या.

तालमीत ‘श्वसनाचा व्यायाम’ म्हणून वेगळा तास सहसा नसे. संपूर्ण मेहनतीतूनच दम घडविला जाई. पहाटे उठून केलेले जोर, बैठका व सपाटे हा तिचा पाया होता. जोर मारताना शरीर खाली नेणे व वर उचलणे यांच्याशी श्वासाची लय जुळवावी लागते. तोंड मिटून नाकाने श्वास घेण्यावर वस्तादांचा कटाक्ष असे. लय बिघडली की आकडा पूर्ण होण्याआधीच गडी थांबतो. दुसरा प्रकार म्हणजे हौदा उकरणे. ताक, तेल, हळद घालून मळलेली तांबडी माती फावड्याने उकरताना कंबर, खांदे व छाती यांना एकाच वेळी श्रम पडतात. याशिवाय दोर चढणे, धावणे, नदीत पोहणे यांचीही जोड असे.

यांपैकी दमाच्या दृष्टीने सर्वांत कठोर पद्धत प्रत्यक्ष लढतीची होती. एका पैलवानावर पाठोपाठ ताज्या दमाचे गडी सोडले जात. पहिल्याशी झुंजून थकलेल्या पैलवानाला दुसऱ्याच्या पकडीखाली श्वास सावरावा लागे. कुस्तीतील दमाचे वेगळेपण येथेच दिसते. धावपटूची छाती मोकळी असते. मल्लाच्या छातीवर मात्र प्रतिस्पर्ध्याचा भार असतो, त्यामुळे ती पूर्ण फुलत नाही. अशा वेळी पोटाने श्वास घेणे, पकड घट्ट करताना श्वास कोंडून न धरणे आणि जोर लावताना तो सोडणे, ही कौशल्ये सरावानेच अंगवळणी पडतात. नवखा मल्ल बहुधा शक्ती कमी पडल्यामुळे दमत नाही. श्वास रोखून धरल्यामुळे तो दमतो.

घड्याळाविना कुस्ती :

ही मेहनत ज्या कुस्तीसाठी होती, तिचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चाले. खडाखडी करून प्रतिस्पर्ध्याला दमविणे हाच तेथे एक डाव होता. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन येथे झालेली गामा व पोलंडचा झिबिस्को यांची लढत अडीच तासांहून अधिक काळ चालूनही अनिर्णित राहिली. त्याच दोघांची १९२८ मधील पतियाळा येथील कुस्ती मात्र मिनिटभराच्या आत संपली. अमर्याद वेळेच्या कुस्तीत मल्लाला या दोन्ही शक्यतांसाठी सज्ज राहावे लागे.

दीर्घ लढती ही केवळ भारतीय परंपरा नव्हती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मार्टिन क्लाइन व आल्फ्रेड आसिकाइनेन यांची ग्रीको-रोमन लढत ११ तास ४० मिनिटे चालली. विजयी झालेला क्लाइन इतका थकला होता की सुवर्णपदकाची लढत तो खेळू शकला नाही. पुढील काळात आंतरराष्ट्रीय कुस्ती उत्तरोत्तर वेळेच्या चौकटीत बांधली गेली.

मातीकडून मॅटकडे :

या संक्रमणाचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या या मल्लाने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक मिळविला आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक पटकाविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशिईबरोबरच्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएट मल्ल रशीद मामेदबेकोव याच्याशी झुंजावे लागले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. मातीत वाढलेल्या मल्लाने मॅटवर पदक मिळविले, ही बाब पारंपरिक मेहनतीची उपयुक्तता दर्शविते. त्याचबरोबर दोन लढतींमधील सावरण्याचा काळ किती निर्णायक असतो, हेही त्यातून दिसून येते.

२००५ ते २०१२ या काळात मॅटवरील लढत दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांत होत असे. २०१३ पासून तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या व मध्ये ३० सेकंदांची विश्रांती अशी रचना आली. सहा मिनिटांच्या या लढतीत गुण घेण्यासाठी सतत आक्रमण करावे लागते आणि निष्क्रियतेला दंड होतो. दम खात थांबण्याची मुभा जवळजवळ उरत नाही. म्हणजेच दमाची गरज कमी झाली नाही. तिचे स्वरूप बदलले. पूर्वी शक्ती दीर्घकाळ पुरविणे महत्त्वाचे होते, आता तीव्र झटापटीनंतर काही क्षणांत सावरणे महत्त्वाचे झाले आहे. अशा सावरण्यालाही संथ व दीर्घ श्रमांतून आलेल्या सहनशक्तीचाच आधार लागतो. त्यावर अल्प विश्रांतीसह तीव्र श्रमांच्या आवर्तनांची जोड द्यावी लागते.

श्वसनाची शास्त्रीय चिकित्सा :

दम वाढविण्यासाठी प्राणायामाची शिफारस सर्रास केली जाते. या संदर्भात स्वामी कुवलयानंद यांचे कार्य उल्लेखनीय आहे. बडोद्याच्या प्रा. माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे शिक्षण घेतलेल्या कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे प्रायोगिक परीक्षण सुरू केले. प्राणायामाने शरीरात नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू जातो, ही प्रचलित समजूत त्यांनी स्वीकारली नाही. त्याचे महत्त्व त्यांनी अन्यत्र, विशेषतः मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले. मल्लाच्या दृष्टीने याचा अर्थ असा घेता येतो की प्राणायाम हा हौद्यातील मेहनतीला पर्याय नाही. श्वासाची जाणीव, लय व मनाची स्थिरता यांसाठी तो पूरक आहे.

निष्कर्ष :

१. भारतीय व्यायामविचारात श्वास हे श्रमाच्या मर्यादेचे माप मानले गेले होते. केवळ जोर-बैठकांच्या आकड्यांना महत्त्व देणे या विचाराशी सुसंगत नाही.
२. तालमीतील मेहनत अमर्याद वेळेच्या कुस्तीला अनुरूप होती. मॅटवरील दमछाकीचे मूळ प्रामुख्याने नियमांतील बदलात आहे, परंपरेच्या उणिवेत नाही.
३. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे दोन्ही विभाग आहेत. त्यामुळे येथील मल्लाला दोन्ही प्रकारचा दम कमवावा लागतो.
४. पाठोपाठ ताजे गडी सोडण्याची जुनी पद्धत सहा मिनिटांच्या चौकटीत व मोजक्या विश्रांतीसह वापरल्यास आजच्या सरावालाही उपयुक्त ठरू शकते. मात्र कोवळ्या वयातील मुलांबाबत श्वासाची मर्यादा पाळणे अगत्याचे आहे.

बहुतेक तालमींत गरीब शेतकरी कुटुंबांतील मुले घडतात आणि त्यांच्या खुराकासाठी घरची मंडळी पोटाला चिमटा घेतात. त्या मुलांचे श्रम चुकीच्या मापाने मोजले जाऊ नयेत, यासाठी दमाचा हा इतिहास वस्ताद व क्रीडाशिक्षक या दोघांनीही अभ्यासणे गरजेचे आहे.