मुंबईत मुक्काम कुठे करावा? हॉटेल बुक करण्याआधी काय तपासायचं

विदर्भ, मराठवाडा किंवा कोल्हापूरकडून मुंबईला येणारी व्यक्ती दरवेळी फिरायलाच आलेली असते असं नाही. टाटा रुग्णालयातली तपासणी, अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत, हायकोर्टातली तारीख, मंत्रालयात अडकलेली फाइल किंवा नोकरीची परीक्षा असं काहीतरी काम ठरलेलं असतं आणि त्याची वेळ चुकवून चालत नाही. तरीही हॉटेल शोधताना बोट आधी जातं ते 'कमी दर आधी' या पर्यायावर. चारपाचशे रुपये वाचतात खरे, पण सकाळी साडेआठला भरलेल्या लोकलसमोर बॅग आणि आजारी आईला घेऊन उभं राहिल्यावर ते महाग पडतात.

मुंबईपुरता क्रम उलटा ठेवावा. काम कोणत्या भागात आहे, तिथलं जवळचं स्टेशन कोणतं आणि त्याच लाइनवर राहता येईल का, हे आधी पाहायचं. खोलीचा दर त्यानंतर.

आधी लाइन ठरवा

मुंबई दक्षिण-उत्तर लांबट शहर आहे आणि लोकलच्या तीन मुख्य लाइन त्याच दिशेने धावतात. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून वांद्रे, अंधेरी, बोरिवली करत विरारकडे जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीहून दादर, कुर्ला, ठाणे, कल्याणकडे. हार्बर लाइन सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, वाशीमार्गे पनवेलला. दादरला पश्चिम आणि मध्य या दोन लाइन भेटतात, म्हणून 'दादरला राहा' हा सल्ला सगळे देतात. सल्ला बरा आहे, पण हार्बर दादरला येत नाही, ती कुर्ल्याला किंवा वडाळ्याला पकडावी लागते. नवी मुंबईत काम असेल तर दादरचा फायदा निम्मा होतो.

गर्दीलाही दिशा असते, आणि बाहेरगावच्या लोकांना नेमकं हेच कोणी सांगत नाही. साधारण आठ ते अकरा या वेळेत लोंढा उपनगरांतून दक्षिणेकडे येतो आणि संध्याकाळी परत जातो. त्यामुळे बोरिवलीत किंवा ठाण्यात राहून सकाळी फोर्टला पोहोचणं कठीण, पण फोर्ट किंवा मुंबई सेंट्रलला राहून सकाळी अंधेरीला जाणं त्यामानाने सोपं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर हा एकच मुद्दा स्वस्त खोलीपेक्षा मोठा ठरतो.

ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो ३ आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली आहे. विधानभवन, हुतात्मा चौक, सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, सिद्धिविनायक, दादर, बीकेसी आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल एकाच मार्गावर आली. काम या पट्ट्यात असेल तर लोकलची धास्ती घ्यायचं कारण उरत नाही. स्टेशनपासून चालत जाता येईल असं हॉटेल पाहिलं की झालं.

दोन स्थानिक गोष्टी नकाशावर दिसत नाहीत. एक, रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाहीत. पुढे टॅक्सी किंवा बेस्टची बस. फेब्रुवारी २०२५पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६ रुपये आहे, म्हणजे जवळच्या अंतराला टॅक्सीही खिशाला फार जड नाही. दुसरी गोष्ट 'ईस्ट' आणि 'वेस्ट'. अंधेरी पूर्व आणि अंधेरी पश्चिम यांच्या मध्ये रेल्वेचे रूळ आहेत आणि ते गाडीने ओलांडायला पूल किंवा सबवे लागतो. मोठ्या पावसात अंधेरी सबवे आणि सांताक्रूझचा मिलन सबवे पाण्याखाली जाऊन बंद होतात. जुलै-ऑगस्टमध्ये काम असेल तर हॉटेल रुळांच्या त्याच बाजूला घ्यावं. परळ-दादरमधला हिंदमाता परिसरही पाणी साचण्यासाठी प्रसिद्ध आहे.

टाटा रुग्णालयासाठी येत असाल तर

या कामासाठी येणाऱ्यांनी सगळ्यात आधी अपॉइंटमेंटच्या कागदावरचा पत्ता नीट वाचावा. टाटा मेमोरियलचं मुख्य रुग्णालय परळला आहे, पण त्याच संस्थेचं अॅक्ट्रेक हे केंद्र खारघरला, नवी मुंबईत आहे. दोन्हींत रस्त्याने तीस किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. परळला खोली घेतली आणि तारीख खारघरची निघाली, तर रुग्णाचा अख्खा दिवस प्रवासात जातो.

उपचार लांबणार असतील तर हॉटेलचा हिशोब बसत नाही. दादरची श्री गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांच्यासोबतच्या नातेवाइकांची राहण्याची सोय करतात. जागा मर्यादित असते आणि प्रवेश रुग्णालयाची कागदपत्रं पाहून दिला जातो. त्यामुळे पहिल्याच भेटीत रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला भेटावं, कुठे विचारायचं आणि पत्र कसं मिळेल ते तिथे कळतं. पहिले दोनतीन दिवस हॉटेल आणि नंतर धर्मशाळा, असं नियोजन व्यवहार्य ठरतं.

हॉटेलच घ्यायचं तर 'परळपासून जवळ' एवढ्यावर थांबू नये. लिफ्ट आहे का, ती खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का, बाथरूममध्ये कमोड आहे का, पथ्याचं जेवण किंवा निदान गरम पाणी मिळेल का, हे फोन करून विचारावं. जुन्या इमारतींतली कित्येक लॉज पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात आणि वर जायला फक्त जिना असतो. गणेशोत्सवात तर आणखी अडचण होते. लालबाग परळला लागूनच असल्याने दहा दिवस रस्ते ठप्प असतात.

व्हिसा, कोर्ट, परीक्षा

अमेरिकेचं वाणिज्य दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत आहे. खुद्द बीकेसीतली हॉटेलं बहुतेक पंचतारांकित आहेत. म्हणून बुकिंग साइटवर 'बीकेसीजवळ' असं लिहिलेली बरीचशी स्वस्त हॉटेलं प्रत्यक्षात कुर्ला पश्चिम, कलिना किंवा सांताक्रूझ पूर्वेला असतात. ती वाईट असतात असं नाही, पण सकाळच्या वाहतुकीत तिथून किती वेळ लागेल ते पाहायला हवं. मोबाइल आणि मोठ्या बॅगा दूतावासात नेता येत नाहीत, त्यामुळे चेक-आउटनंतर सामान ठेवून घेणारं हॉटेल इथे खरोखर उपयोगी पडतं.

मंत्रालय, विधानभवन आणि हायकोर्टासाठी फोर्ट किंवा सीएसएमटीचा परिसर सरळ आहे. परीक्षेच्या बाबतीत मात्र प्रवेशपत्रावर शहर 'मुंबई' असलं तरी केंद्र पवईला किंवा मिरा रोडला असू शकतं. केंद्राचा पूर्ण पत्ता हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं बुकिंग करू नये.

गाडी पहाटे पोहोचते, खोली दुपारी मिळते

बाहेरगावच्या रात्रीच्या गाड्या पहाटे किंवा सकाळी मुंबईत येतात आणि हॉटेलांचा चेक-इन दुपारी १२ किंवा २ला असतो. बुकिंग करताना हे सात-आठ तास बहुतेकांच्या लक्षातच येत नाहीत. '२४ तास चेक-आउट' असलेलं हॉटेल घेतल्यास येण्याच्या वेळेपासून २४ तास मोजले जातात. नाहीतर लवकर खोली देण्याचे किती पैसे लागतील हे आधी विचारून घ्यावं. काही वेळा आदल्या रात्रीचं भाडं भरणंच शहाणपणाचं असतं, विशेषतः सकाळी दहाची मुलाखत असेल तेव्हा.

नुसती आंघोळ आणि दोन तास पाठ टेकायची असेल तर रेल्वेच्या विश्रामगृहातली खोली तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून बुक करता येते. मुंबई सेंट्रल आणि सीएसएमटीला पॉड हॉटेलही आहे. तिथे मोठ्या पेटीएवढ्या कप्प्यात झोपायचं असतं, त्यामुळे ज्यांना बंद जागेत घुसमटतं त्यांनी त्या वाटेला न गेलेलं बरं.

दर, कर आणि बिल

'हॉटेल' म्हणजे मिसळ आणि चहा मिळण्याची जागा, हा अर्थ महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. राहण्याच्या हॉटेलात नाश्ता धरलेला असेलच असं नाही, ते बुकिंगवर वाचावं.

२२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८ टक्के. म्हणजे २,००० रुपयांची खोली २,१०० रुपयांना पडते. ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना, पण ७,६०० रुपयांची थेट ८,९६८ रुपयांना. सीमेवरचा दर दिसला तर थोडी घासाघीस करायला हरकत नाही.

जेवणाच्या बिलात सेवा शुल्क आपोआप जोडलं असेल तर ते काढायला सांगता येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

साइटवर काय वाचायचं

साइटवर दिलेलं अंतर अनेकदा हवाई असतं. मध्ये खाडी, नाला किंवा रूळ असले तर 'दीड किलोमीटर'चा अर्धा तास होतो. नकाशावर कामाच्या दिवशीची, सकाळी नऊची वेळ टाकून मार्ग पाहावा. अभिप्रायांत सरासरी गुणांपेक्षा गेल्या दोनतीन महिन्यांतल्या तक्रारी वाचाव्यात. ढेकूण, पाणी, ओल, आवाज, खिडकी हे शब्द पुन्हा पुन्हा आले तर पुढचं हॉटेल पाहावं. मुंबईत खिडकी नसलेल्या खोल्याही विकल्या जातात, आणि पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोंत ते दिसतं, हॉटेलने टाकलेल्यात दिसत नाही.

ओळखपत्राचे नियम 'हॉटेल पॉलिसी'खाली बारीक अक्षरांत असतात. काही हॉटेलं स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र स्वीकारत नाहीत, त्यामुळे घरात रंगकाम काढलेल्या ठाण्याच्या कुटुंबाला दारातून परत फिरावं लागू शकतं. पॅन कार्डवर पत्ता नसल्याने ते सहसा चालत नाही. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं 'मास्क्ड आधार' डाउनलोड करून न्यावं. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्या नातेवाइकांची माहिती हॉटेलला २४ तासांत प्रशासनाला कळवावी लागते. हा व्याप नको म्हणून छोटी लॉज त्यांना नकार देतात, तेव्हा त्यांच्यासाठी आधीच विचारलेलं बरं.

बुकिंग झाल्यावर आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून नाव, तारीख आणि पोहोचण्याची वेळ सांगावी. 'हॉटेलवर पैसे द्या' प्रकारच्या बुकिंगमध्ये खोली दुसऱ्याला देऊन टाकण्याचे प्रकार होतात. फोन नंबर मात्र हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून किंवा बुकिंगच्या पावतीवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला 'कस्टमर केअर' नंबर भामट्याचा असू शकतो. पलीकडचा माणूस खोली पक्की करायला क्यूआर कोड पाठवू लागला किंवा यूपीआयवर हॉटेलऐवजी भलत्याच व्यक्तीचं नाव आलं, तर पैसे पाठवू नयेत. पाठवले गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम बँकेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.