गिऱ्हा आणि शाळामास्तर

रात्री कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ‘ओ’ द्यायची नाही, ही कोकणातल्या आजीची शिकवण मी पुण्यातही पाळत आलो. बुडून मेलेल्याचं भूत म्हणजे गिऱ्हा. तो रात्री हाका मारून माणसाला चकवतो, पाण्याकडे ओढतो. होडीनं जाणाऱ्यांना त्याचं भय अधिक. त्याच्या डोक्यावरचा केस हाती लागला, तर मात्र तो गुलाम होतो म्हणे!

हा गिऱ्हा मला पुन्हा भेटला तो आर. ई. एन्थोवेन यांच्या कोकणातील लोकसमजुतींवरच्या १९१५ सालच्या इंग्रजी ग्रंथात. त्यातली सामग्री जमवली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी, २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्यांना गोळ्या घातल्या, तेच कलेक्टर. शाळेत ‘जॅक्सनचा वध’ पाठ केला होता. त्याच्या दप्तरात आजीचं भूत असेल हे कुठं ठाऊक होतं?

जॅक्सनला ही माहिती पुरवली प्रामुख्यानं गावोगावच्या शाळामास्तरांनी. तळटीपांत त्यांचा हवाला आहे: शाळामास्तर, अमुक गाव, रत्नागिरी, शाळामास्तर, तमुक गाव, कुलाबा. एखाद्या रावसाहेबांचं नाव येतं. मास्तरांचं फक्त गाव.