घरगुती मोटार, लहान चाके आणि मागील ब्रेक : महाराष्ट्रातील कारागिरीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मोटार-उद्योगाचा इतिहास प्रामुख्याने कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कुर्ल्याची प्रीमियर, पुण्याची टेल्को, आकुर्डी व वाळूजचे बजाज ही त्यातील ठळक नावे होत. घराच्या अंगणात किंवा गावातील वर्कशॉपमध्ये एकहाती मोटार घडविणाऱ्या माणसाची दखल मात्र बहुधा कुतूहलाची बातमी म्हणून घेतली जाते. अशा बातमीत खर्च किती आला, इंजिन कशाचे आहे, लिटरला गाडी किती धावते हे सांगितलेले असते. गाडी थांबते कशी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवला असून, लहान चाकांच्या आत मागील बाजूस डिस्क ब्रेक बसविण्याच्या धडपडीचा विचार केला आहे.

या विषयाकडे वळण्यास एक छोटी घटना कारणीभूत ठरली. नांदेड परिसरातील एका शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून तयार केलेली गाडी प्रदर्शनाच्या दिवशी उतारावर उभी होती. चालक उतरला आणि गाडी आपोआप मागे सरकू लागली. दोघांनी धावत जाऊन चाकाखाली दगड लावला, म्हणून अनर्थ टळला. मागील चाकांना मोटारसायकलचे डिस्क ब्रेक होते, ते उत्तम लागतही होते. परंतु हँडब्रेक नव्हता.

दोन कारागीर, दोन काळ

घरगुती मोटारीच्या परंपरेत इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. सामान्य माणसाला परवडणारी छोटी मोटार हे त्यांचे स्वप्न होते. त्यांच्या 'मीरा' या गाडीचा पहिला नमुना 1949 साली तयार झाला आणि पुढे पाव शतक ते त्यात सुधारणा करीत राहिले. मागील बाजूस इंजिन आणि स्प्रिंगऐवजी रबराचा वापर ही त्यांच्या रचनेची वैशिष्ट्ये होती. 1975 च्या सुमारास या गाडीची किंमत सुमारे 12 हजार रुपये सांगितली जात असे. ती बाजारात आली नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे (हेच यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव) येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जमवून सुमारे 60 हजार रुपयांत किक मारून सुरू होणारी लहान जीप तयार केली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नाही हे स्पष्ट करून त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाने ती स्वीकारली. कौतुक आणि नकार एकाच वाक्यात यावेत, हे या परंपरेचे नेमके दुखणे आहे.

चाकाच्या आतील जागा

डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये घेतले. त्याची खरी प्रतिष्ठा वाढली ती 1953 साली जॅग्वार गाडीने ल मान्सची शर्यत जिंकल्यानंतर. परंतु लहान चाकांची अडचण वेगळीच होती. अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या 1959 च्या मिनी गाडीस 10 इंची चाके होती व चारही ब्रेक ड्रमचे होते. 1961 च्या मिनी कूपरला पुढे डिस्क बसविताना तिचा व्यास 7 इंचांवर आणावा लागला. त्या लहान डिस्कची ताकद अपुरी वाटल्याने 1963 च्या कूपर एसमध्ये ती साडेसात इंचांची व अधिक जाड करण्यात आली. मागील ब्रेक मात्र ड्रमचेच राहिले.

आपल्याकडील घरगुती गाडीला बहुधा ऑटोरिक्षाची 8 इंची चाके लावली जातात, कारण ती स्वस्त असतात आणि कोठेही मिळतात. या रिमच्या आत कॅलिपरची जाडी वजा केल्यावर जेमतेम 150 मिलिमीटर व्यासाची डिस्क मावते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिस्क लहान म्हणून ब्रेक कमी लागेल, असे सरसकट म्हणता येत नाही. चाकाची त्रिज्या घटली की ते थांबविण्यास लागणारा पीळही घटतो, त्यामुळे पॅडवरील दाब फारसा वाढवावा लागत नाही. प्रश्न उष्णतेचा आहे. 500 किलोची गाडी ताशी 50 किलोमीटर वेगावरून थांबविताना सुमारे 48 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. त्यातील 40 टक्के भार मागील दोन चाकांवर धरला, तर 4 मिलिमीटर जाडीची अशी छोटी डिस्क एका थांब्यात ढोबळमानाने 50 अंशांनी तापते. सपाट रस्त्यावर ती निवते. बालाघाटाच्या उतारावर वारंवार ब्रेक दाबावा लागला, तर निवण्यास वेळच मिळत नाही.

याखेरीज आपल्या भागातील काळी माती आहे. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून जाताना जमिनीलगत फिरणाऱ्या उघड्या डिस्कवर ती लिंपली जाते; बंद ड्रममध्ये तिचा शिरकाव कमी होतो. शिवाय जुन्या ड्रम ब्रेकचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवून पुढे डिस्क जोडली, तर त्यातील झडप नळीत थोडा दाब राखून ठेवते आणि पॅड सतत घासत राहतात. 'गाडी ओढत नाही' अशी तक्रार घेऊन मालक इंजिन उघडतो, दोष मात्र ब्रेकमध्ये असतो.

सर्वांत गंभीर अडचण हँडब्रेकची आहे. मोटारसायकल स्टँडवर उभी राहते, त्यामुळे तिच्या कॅलिपरमध्ये गाडी धरून ठेवण्याची यांत्रिक सोय नसते. ड्रममध्ये एक तरफ आणि एक केबल पुरते. मोठ्या कंपन्यांनीही हा हिशेब केलेला दिसतो. 2009 साली बाजारात आलेल्या टाटा नॅनोला 12 इंची चाके आणि चारही बाजूंस 180 मिलिमीटरचे ड्रम होते. वाळूजला तयार झालेल्या बजाज क्यूटनेही ड्रमच पत्करले. या दोन्ही गाड्यांचे इंजिन मीराप्रमाणेच मागे होते, हा योगायोग लक्षणीय आहे.

नियम आणि मिस्त्री

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 96 नुसार मोटारीला पायाचा ब्रेक आणि उभ्या गाडीचा ब्रेक अशा दोन स्वतंत्र यंत्रणा आवश्यक आहेत. नियम 126 प्रमाणे नव्या वाहनाचा नमुना पुण्यातील एआरएआय किंवा अहिल्यानगर येथील व्हीआरडीई यांसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी योग्य आहे. एकच गाडी करणाऱ्या लोहाराला तिचा उंबरठा ओलांडणे जवळजवळ अशक्य आहे. तरीही नियम 96 अन्यायकारक आहे असे मला वाटत नाही. वर सांगितलेला उतार मी पाहिला आहे. अन्याय आहे तो एवढाच की, कारागिराला त्याची चूक समजावून सांगणारी जागा या व्यवस्थेत नाही. त्याला एकतर टाळ्या मिळतात किंवा नकार.

या संदर्भात नांदेडमधील एका वयोवृद्ध मिस्त्रींशी चर्चा केली असता त्यांनी कागदावर एकही आकडा न मांडता उत्तर दिले. "पुढं डिस्क लावा, बिनधास्त लावा. मागं रिक्षाचा हबच घ्या, शू-लायनरसकट. हँडब्रेकची केबल त्याच्यातच येती." मिनी कूपरचे अभियंते 1961 साली ज्या रचनेवर आले, ती हीच होती.

विद्यार्थ्यांनी पुढील वर्षी त्या गाडीचा मागील भाग याप्रमाणे बदलला. आता ती उतारावर हँडब्रेकच्या भरवशावर उभी राहते. तरीही कोणीतरी सवयीने मागच्या चाकाखाली तो दगड सरकवून ठेवतो.